पाचाचा दगड

कुंडलिकला कुणी गाव विचारलं की तो सांगायचा, "पाच मैल." ऐकणारा हमखास विचारायचा, "कशापासून?" अक्कलकोटपासून पाच मैल, मैंदर्गीच्या रस्त्याला, डाव्या हाताला सडक खात्याची पत्र्याची चौकी, चौकीमागं दोन खोल्या, एक शेवगा आणि समोर पाचाचा आकडा लिहिलेला दगड. झालं गाव. एक उंबरा आणि तीन माणसं: कुंडलिक, त्याची बायको बजाबाई आणि लेक विजयमाला. पण एसटी तिथं थांबायची, आणि थांबताना कंडक्टर "पाच मैऽऽल" म्हणून खणखणीत ओरडायचा. कुंडलिकला त्याचा काय अभिमान! मोठ्या गावाचं नाव घ्यावं तसं घेतो की नाही, असं तो बायकोला ऐकवायचा.

तो मैलकुली होता. अक्कलकोटकडून तिसऱ्या मैलापासून सहाव्यापर्यंतचा रस्ता त्याच्या ताब्यात. खड्डा पडला तर बुजवायचा, कडेचं गवत काढायचं, मोऱ्या साफ ठेवायच्या, ओढ्याला पाणी आलं की लाल फडकं घेऊन गाड्या अडवायच्या. मूळचा मोहोळकडचा माणूस. त्रेपन्न साली इकडं आला आणि बावीस वर्षं झाली तरी हलला नाही. भोवतीचे शेतकरी बहुतेक कानडी बोलणारे. पहिली दोन वर्षं त्यानं नुसती मान हलवून काढली, मग तोही कानडीत भांडायला शिकला. विजयमालाला तर आईच्या दुधाबरोबर मराठी आणि शेजारच्या ताकाबरोबर कानडी मिळाली होती.

ही विजयमाला एकोणीस वर्षांची. मैंदर्गीच्या शाळेत सातवी झालेली, कामाला वाघीण आणि जिभेला धार. तिची दोन स्थळं येऊन परत गेली होती. पोरीत खोट कुणी काढली नाही. खोट काढली ती गावात. "पोरगी बरी हाय, पण रस्त्याकडंला ऱ्हाणारी माणसं. ना गाव, ना भावकी, ना वाडा. उद्या सोयरीक सांगायची तर कुटली सांगायची?" दुसऱ्या स्थळाच्या मध्यस्थानं हे तोंडावर सांगितलं, तेव्हा कुंडलिक तिथून उठला. फावडं घेऊन गेला आणि दिवस मावळेपर्यंत नसलेले खड्डे बुजवत बसला.

तिसरं स्थळ सोलापूरचं आलं. मुलगा मानसिंग, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बाप महिपती, कमी बोलणारा, पटकेवाला माणूस. आत्या सोजरबाई, तिचं मात्र तसं नव्हतं. ती बापाच्या वाट्याचंही बोलायची. स्थळ चांगलं होतं, आणि कुंडलिकला ते हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. त्यानं विजयमालाकडूनच कार्ड लिहून घेतलं. आपलं स्थळ पाहायला येणाऱ्यांना वाट आपणच लिहून द्यायची, म्हणून ती जरा फुरंगटली, पण अक्षर वळणदार काढलं: 'रविवारी दहाच्या गाडीने यावे. अक्कलकोट सुटल्यावर पाचाच्या दगडापाशी उतरावे. समोरच आम्ही आहोत.'

उलट टपाली उत्तर आलं. 'येतो. पाचाच्या दगडापाशी उतरतो.'

आणि गुरुवारी ओव्हरसियर साहेब ट्रकभर दगड घेऊन आले.

झालं होतं असं की रस्त्याला बढती मिळाली होती. जिल्ह्याचा रस्ता होता, तो आता राज्याचा झाला, आणि राज्याच्या रस्त्याला जुने मैलाचे दगड शोभेनात. नवे दगड किलोमीटरचे, डोक्यावर हिरवा रंग. साहेबांनी कुंडलिकला समजावलं, "हे बघ, पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. जुना पाचाचा दगड उपटायचा, आठाचा लावायचा. जुने सगळे फोडून खडी कर."

"म्हंजे आमी आता किलोमीटरकुली का, साहेब?"

"काहीही म्हण. दगड सरळ लाव म्हणजे झालं."

कुंडलिकनं तीन दिवस खपून दगड लावले. साखळीनं मोजून, ओळंबा धरून, बुडाशी माती दाबून. नवा आठाचा दगड जुन्या पाचाच्या साठ पावलं अलीकडं बसला. आकड्यांचा काळा रंग त्यानं स्वतःच्या हातानं भरला, आणि शनिवारी संध्याकाळी चार पावलं मागं जाऊन स्वतःवरच खूश झाला. पाहुणे येणार, तर रस्ता कसा नवरदेवासारखा दिसायला हवा की!

पाहुण्यांना काय लिहिलंय, हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नाही. बावीस वर्षं आपलं घर पाचावर आहे हे इतकं मुरलं होतं, की समोर स्वतःच आठ लिहून तो मनात पाचच वाचत होता.

रविवारी सकाळी बजाबाईनं पोह्यांची तयारी केली, शिरा केला, चहाचं आधण ठेवलं. कुंडलिक धुतलेलं धोतर नेसून रस्त्याकडेला उभा राहिला. दहाची गाडी दिसली. त्यानं फेटा सारखा केला. गाडी आली, ड्रायव्हरनं हात केला, आणि गाडी धुरळा उडवत तशीच मैंदर्गीकडं निघून गेली. कुणीच उतरलं नाही.

कुंडलिक बराच वेळ तिथंच उभा राहिला. मग घरात येऊन पाटावर बसला.

"आलं न्हाईत," तो म्हणाला. "कळलं आसंल त्यास्नी. गाव न्हाई, भावकी न्हाई. कशाला येतील?" बजाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

विजयमाला नवं लुगडं नेसून चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "आबा, कार्डात आपुन काय लिवलं हुतं?"

"काय म्हंजे? पाचाच्या दगडापाशी उतरा."

"आन् आपल्यापुढं आता कितीचा दगड हाय?"

कुंडलिकनं दारातून बाहेर पाहिलं. आठ. कालच भरलेला, ठळक, काळाभोर आठ.

"आगाई गं!" असं म्हणून त्यानं कपाळावर असा हात मारला, की फेटा मागं पडला. "नवा पाचाचा दगड तर नागव्वाच्या शेतापाशी! म्याच पुरलाय की त्यो परवा!" आणि विजयमाला पुढं काही विचारेपर्यंत सायकलवर टांग मारून तो अक्कलकोटच्या दिशेनं सुटलासुद्धा.

"आबा, सायकलीवर तिगांला आनणार कसं?" ती मागून ओरडली. पण ऐकतो कोण!

तीन किलोमीटर. वारा समोरून. कुंडलिक पायडल मारत होता आणि रस्ता त्याच्याखालून मागं जात होता. ओढ्यावरची मोरी आली. छप्पन साली पुरात ती वाहून गेली, तेव्हा त्यानं चार दिवस गाड्यांना पाण्यातून वाट दाखवली होती, कमरेला दोर बांधून. मोरीपुढचा चढ आला. त्रेपन्न साली इथं नुसत्या चाकोऱ्या होत्या, पावसात बैल गुडघ्याएवढे रुतायचे. मग मुरूम आला, मग खडी आली. खडीच्या वेळी रोलर ओढायला बैल होते, ते अडले की माणसांनी खांदा द्यायचा. चढ उतरला की दुष्काळाचा तुकडा. बहात्तर साली इथं हजारभर माणसं बसून हातोड्यानं खडी फोडत होती, बायका, म्हातारे, सगळे, आणि मैंदर्गीपर्यंत नुसता टकटक आवाज. त्या खडीवर मागच्या साली डांबर पडलं, तेव्हा कुंडलिक अनवाणी चालून पाहायला गेला आणि दोन्ही तळवे भाजून घेतले. एवढं सगळं केलं या रस्त्यासाठी, आणि त्यानंच आज पाहुणे भलत्या जागी उतरवले! "आजच बदलायचं हुतं व्हय रं तुला?" तो रस्त्याला म्हणाला आणि पायडल आणखी जोरात मारलं.

पाचाचा दगड दिसला. तिथं काय चाललंय ते लांबूनच दिसलं. रस्त्याच्या एका कडेला भर उन्हात तिघं उभे: पटकेवाला महिपती, हातात पिशवी घेतलेली सोजरबाई, बाजूला मानसिंग. आणि दुसऱ्या बाजूला, लिंबाच्या सावलीत, नागव्वा म्हातारी कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर ओरडत होती, "ऊटा! ऊटा!"

नागव्वा एकटी राहायची. शेत मुलाच्या जिवावर टाकून ती त्या लिंबाखालच्या खोपीत शेंगा राखत बसायची आणि मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता.

कुंडलिक सायकल टाकूनच पुढं गेला. तो 'राम राम' म्हणायच्या आत सोजरबाईनं तोंड सोडलं.

"या! आलासा का? बरं झालं! आमी म्हनलं, हितली रीतच आसली आसंल. पाचाचा दगड दिसला, गाडी थांबवून उतरलो, तर चिटपाखरू न्हाई. समोर ही म्हातारी. हात करून बर्री बर्री म्हनत बोलावलं, घोंगडं टाकलं, बसलो. बसलो तर लागली वरडायला, उटा! उटलो. म्हनलं घोंगडं चांगलं आसंल तिचं. बांधावर बसलो. तर तितं आली, उटा! दगडाला टेकलो, तितंबी उटा! तीनदा उटवलं आमाला, तीनदा! सोयऱ्याच्या दारात कुत्र्यालाबी कुनी एवडं उटवत न्हाई!"

कुंडलिकनं नागव्वाकडं पाहिलं. नागव्वाच्या मागं, सारवलेल्या जागेवर, केळीच्या पानांवर भाकरी, शेंगांची चटणी, कांदा आणि ताकाची कासंडी मांडून ठेवली होती. आणि कुंडलिक हसायला लागला.

हसू नये, हे त्याला कळत होतं. पोरीचा बाप, पाहुणे संतापलेले, आणि आपण हसतोय. पण एकदा पोटातून सुटलेलं हसू आवरतं कुठं? तो डोळे पुसत म्हणाला, "आत्याबाई, ऊटा म्हंजे कानडीत जेवान! ती तुमाला तीनदा जेवा म्हनली!"

मानसिंग फिसकन हसला. सोजरबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं पानांकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं, आणि म्हातारी पुन्हा कळवळून म्हणाली, "ऊटा माड्री, यव्वा!"

महिपती मात्र हसला नाही. त्यानं खिशातून कार्ड काढून कुंडलिकपुढं धरलं. "ह्ये काय लिवलंय, वाचा."

"पाचाच्या दगडापाशी," कुंडलिक खाली मान घालून म्हणाला. "चूक माझीच हाय. मैलाचं लिवलं आन् किलोमीटरचा लावला. घर हितनं तीन किलोमीटर."

"साडेअकराला परतीची गाडी हाय," महिपती म्हणाला. "त्यानं आमी जातो. ज्या घरी बोलावलं त्या घरचं पानीबी पोटात न्हाई. दुसऱ्याच्या पानावर बसून पोरगी बघायची न्हाई आमाला."

कुंडलिकचं हसू जागीच विरलं. त्यानं सायकलकडं पाहिलं. तिघांना त्याच्यावर नेणार कसं? चालत न्यायचं, तर तोपर्यंत गाडी निघून जाणार. महिपतीनं एकदा पाठ फिरवली की हे तिसरं स्थळही गेलं, आणि चौथं यायचं नाही. तो हात जोडून अर्धा तास विनवत राहिला, पण महिपती ऐकेना.

तेवढ्यात मानसिंगनं कान टवकारले. "कसलं इंजिन म्हनायचं ह्ये?"

धाड् धाड् धाड् असा आवाज येत होता. चढावरून काहीतरी हळूहळू वर आलं. आधी पत्र्याचं छप्पर दिसलं, मग धुराडं, मग गुरप्पाचं पागोटं. दुरुस्तीच्या कामाला आलेला खात्याचा रोलर चौकीपाशी उभा असायचा, गुरप्पा त्याचा ड्रायव्हर. आणि गुरप्पाच्या बाजूला, एका हातानं खांब धरून, दुसऱ्या हातात चहाची किटली सांभाळत, नवं लुगडं नेसलेली विजयमाला उभी होती. मागं बजाबाई, मांडीत पोह्या-शिऱ्याची पातेली घट्ट धरून, डोळे मिटून बसलेली.

रोलर काही घाई करत नाही. माणूस जरा पाय उचलून चालला तरी त्याला मागं टाकेल. त्यामुळं तो जवळ येईपर्यंत सगळ्यांना पोरगी पाहायला भरपूर वेळ मिळाला. कुंडलिकला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. मुलगी पाहुण्यांना पाहायला स्वतःच आली, तीही रोलरवर बसून! असं कुठं घडलंय का?

रोलर पाचाच्या दगडापाशी थांबला. विजयमाला उतरली, पदर सारखा केला, सासऱ्याच्या मानानं महिपतीला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "पावनं घरापतूर येऊ शकलं न्हाईत, म्हनून घरच घिऊन आले. चूक आमच्या दगडाची हाय, तुमची न्हाई." मग नागव्वाशी कानडीत चार शब्द बोलून तिला शांत केलं, आणि वळून म्हणाली, "आत्याबाई, आता कुनी उटवायचं न्हाई. बसा. ऊटा माड्री."

सोजरबाई बसली. बसता बसता तिला आपल्या तीन वेळच्या उठण्याची आठवण झाली आणि ती अशी हसली, की पदर तोंडात कोंबावा लागला.

मानसिंग तोवर रोलरभोवती एक चक्कर मारून आला होता. गुरप्पाला म्हणाला, "मालक, टॅपेट ढिलं झालंय तुमचं, म्हनून इंजिन खडखडतंय."

गुरप्पा काही म्हणायच्या आत पोहे वाढणारी विजयमाला मान वर न करता बोलून गेली, "चार दिस मीबी त्येच म्हनतीया. काका ऐकत न्हाईत."

मानसिंगनं वळून पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. मग पोह्यांची बशी घेऊन दगडाच्या पलीकडं जाऊन बसला, आणि तिथून एकदा विजयमालाकडं आणि एकदा रोलरकडं असं बघत राहिला. पोहे कसे झालेत हे त्याला नंतर कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

साडेअकराची गाडी आली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. महिपतीनं बशीतला चहा फुंकला आणि हातानंच 'जा' म्हणून खूण केली. गाडी गेली.

"कुंडलिकराव," महिपती म्हणाला, आणि त्या 'राव'नंच कुंडलिक सावरून बसला. "मध्यस्थ मला म्हनला हुता, त्यास्नी गाव न्हाई. मी इचार करत हुतो. आता तासभर उनात उभा ऱ्हायलो, तर वळख न्हाई पाळख न्हाई, ही म्हातारी भाकरी घिऊन मागं लागली. तुमचं नाव घेतल्यावर ह्यो ड्रायव्हर सरकारी मशीन घिऊन आला. ह्याला गाव न्हाई म्हनत्यात, तर कशाला म्हनत्यात?" त्यानं कार्ड घडी घालून खिशात ठेवलं. "आन् पत्रातलं काय खोटं झालं न्हाई. पाचाच्या दगडापाशी उतरलो, पाचाच्या दगडापाशी पोरगी बघितली. पसंत हाय."

बजाबाईनं कमरेची डबी काढून सोजरबाईला कुंकू लावलं. मग नागव्वालाही लावायला गेली, पण ती विधवा; मागं सरायला लागली. विजयमालानं तिचा हात धरून तिला बसवलं आणि तिच्या पानावर शिरा वाढला. "ऊटा, अज्जी," ती म्हणाली.

लग्न वैशाखात ठरलं. सोयऱ्यांना कार्डं लिहायची वेळ आली तेव्हा कुंडलिकनं सांगायला सुरुवात केली आणि विजयमाला लिहीत बसली. एकदा पोळलेला माणूस, सगळं बैजवार सांगत होता: 'लग्न पाच मैल येथे. पाच मैल म्हणजे आताचा आठाचा दगड. पाचाच्या दगडापाशी उतरू नये. उतरल्यास नागव्वा जेवल्याशिवाय सोडणार नाही.'

"आन् सोलापूरच्या मंडळीस्नी लिव, येताना किती लांब पडतंय ते. दगडावर पलीकडनं आकडा हाय बघ."

"सत्तेचाळीस," विजयमाला म्हणाली.

कुंडलिक थांबला. "सत्तेचाळीस? एकोणतीस हुतं की."

"एकोणतीस मैल, आबा. किलोमीटर सत्तेचाळीस. त्योच रस्ता, तेवढाच."

हे त्याला ठाऊक होतं. ओव्हरसियर साहेबांनी समजावलं होतं, साखळी त्यानंच धरली होती, आकडाही त्यानंच रंगवला होता. तरी तो दारातून त्या दगडाकडं बघत राहिला. एवढ्याशा आकड्यानं पोरगी केवढी लांब गेली, असं त्याला वाटलं. विजयमालानं कार्ड बाजूला ठेवलं आणि ती त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौकीमागं गेला. उपटलेले जुने दगड खडी होण्याची वाट बघत तिथं पडले होते. त्यातला पाचाचा त्यानं पहारीनं उलथवला, गुरप्पाला हाताशी घेऊन दारात आणला आणि उंबऱ्याशेजारी उभा पुरला, पाचाचा आकडा रस्त्याकडं आणि मागची बाजू घराकडं करून. मग चुना लावला, काळा रंग घेतला आणि घराकडच्या बाजूला पुसट झालेलं जुनं अक्षर नीट भरून काढलं: सोलापूर २९.

पंधरवड्यानं ओव्हरसियर साहेब फिरतीवर आले. दगड पाहून म्हणाले, "अरे, हा फोडायला सांगितला होता ना?"

"व्हय साहेब," कुंडलिक म्हणाला. "लई घन घातलं. ह्यो एकच फुटत न्हाई."